राणीचं ध्यान

राणी हिंगोली डेपोत कंडक्टर. लेकरू साडेचार महिन्यांचं झालं होतं आणि रजा संपायला सहा आठवडे उरले होते. भीती ड्युटीची नव्हती, खड्ड्यांची होती. बाळंतपणापासून खोकलं, हसलं, शिंकलं की लघवी निसटायची, म्हणून ती चहा-पाणीही अर्धंच घ्यायची. वाशीमच्या गाडीत उभ्यानं तिकिटं फाडताना काय होईल, या विचारानं तिला नोकरी सोडावीशी वाटायची. सूरजला, म्हणजे नवऱ्याला, सांगायची लाज. सासूला सांगायची त्याहून जास्त.

लेकराचा राहिलेला डोस द्यायच्या निमित्तानं ती गुपचूप हिंगोलीच्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडं जाऊन आली. मॅडम म्हणाल्या, "लघवी रोखल्यासारखं आतून वर ओढायचं. पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू ठेवायचा. आणि चेहऱ्यावर काही दिसता कामा नये."

राणीनं मॅडमचा शब्दन् शब्द पाळला. बाळापूरच्या घरात सकाळ, दुपार, संध्याकाळ ती भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसायची. बघणाऱ्याला वाटायचं, ही काहीच करत नाही. आपल्याकडं काहीच न करणारा माणूस एक तर साहेब असतो, नाही तर ध्यानस्थ. राणी साहेब नव्हती, म्हणून सासूबाई चांगुणाबाईंनी दुसरा निष्कर्ष काढला.

"आमची राणी तीन टाईम ध्यानाला बसून राहिली," त्यांनी विहारात बायांना सांगितलं. "लेकरू रडलं तरी आधी पुरं करते, मंग उठते."

"आमच्या सुना मोबाईल घेऊन बसतात बाई," गयाबाई हळहळल्या.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली, पंचशील झालं आणि चांगुणाबाई उठून म्हणाल्या, "आज ध्यान राणी घेईल."

राणी पुढं आली. समोर वीस-बावीस बाया, दाराशी म्हातारे ग्यानोबामामा. डोळे मिटा, श्वासाकडं बघा, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण दहा मिनिटांपूर्वीच तिनं सगळ्यांबरोबर खोटं न बोलण्याचं शील घेतलं होतं. एखादा दिवस जाऊ दिला असता तर गोष्ट वेगळी; शील अजून गरम होतं.

"मामा, तुमी जरा बाहेर बसता का?"

"काहून? मला ध्यान न्हाई का?"

"बायांचं हाय, मामा."

मामा कुरकुरत गेले. राणीनं दार लोटलं आणि बुद्धमूर्तीकडं न बघता एका दमात सांगून टाकलं, "मी ध्यान करत न्हाई. बाळंतपणापासून माझी लघवी थांबत न्हाई. त्याचा व्यायाम करते. न्हाई जमला तर नोकरी सोडावी लागेल."

विहारात शांतता पसरली. ध्यानाला लागते तेवढी. मग गयाबाईंना हसू फुटलं. राणीचा चेहरा पडला, तशा गयाबाई पोट धरून ओरडल्या, "अगं, तुला न्हाई हसत! पण हसवू नको माय, मलाबी होतं!"

मागून दोघी-तिघींनी "मलाबी" म्हटलं. राणी चांगुणाबाईंकडं बघायला धजेना.

"सूरज झाला तवापासून," अखेर त्या खाली बघत म्हणाल्या. "एकोणतीस वर्षं. मला वाटलं, बाईच्या जातीला हे असतंच." मग पदर सावरून मांडी ठोकली. "नोकरी सोडायची बात न्हाई. लेकराचं मी बघते. आता सांग, बराबर कुठं ओढायचं?"

"आतून, आत्याबाई. श्वास नका रोखू. मांड्या ढिल्या."

"इतकी वर्षं सगळं आवळूनच धरलंय की गं. ढिलं कसं सोडतात?"

रजा संपली आणि राणी हिंगोली-वाशीम गाडीवर चढली. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं गाडी अशी उडाली की वरचं गाठोडं एका पावण्याच्या मांडीवर आलं. राणीनं वेळेवर वर ओढलं, तोंडानं "पुढं सरका" म्हटलं आणि तिकीट दिलं. कुणाला काही कळलं नाही. दोन थेंब गेले असतील. पूर्वी साडी बदलावी लागायची.

वाशीमच्या स्टँडवर ड्रायव्हर संतरामनं विचारलं, "मॅडम, कट चहा सांगू?"

"कट काहून?" राणी म्हणाली. "फुल सांगा."