कोऱ्या किल्ल्या

कुलूपवाल्याच्या लेकीने उभ्या जन्मात किल्ली बाळगली नव्हती. बाळगायची कशाला? शाळेतून यावं, जिन्याच्या खिडकीतून खाली हाक मारावी, की समोरच्या दुकानातून बाबा येणार, खिशातली वाकडी तार काढणार, कुलपाच्या कानात गुज सांगितल्यासारखं काहीतरी करणार आणि दार उघडणार. सायकलचं कुलूप, कपाटाचं, पेटीचं, एकदा तर शाळेच्या प्रयोगशाळेचंसुद्धा. झाडाची पानं गळावीत तशा तिच्या हातून किल्ल्या गळत, आणि पान गळल्याचं झाडाला कुठे काय वाटतं!

घरात तिला भिंगरी म्हणत. एकोणीस सरत आली तरी पाय म्हणून ठरत नव्हता. आणि आता तर ती खरीच निघाली होती. आगगाडीने नऊ तासांवरच्या शहरात चष्म्याच्या भिंगांचा कारखाना होता, तिथे शिकाऊ कारागीर म्हणून तिची निवड झाली होती. कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोलीही मिळत होती. तिसरा मजला, एक खिडकी, एक शेगडी, एक दार. त्या खोलीचा फोटो तिने इतक्यांदा पाहिला होता की भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा तिला ओळखीचा वाटू लागला होता.

पण त्याच शहरात आत्याही राहत होती. आत्याच्या घरात चमचेदेखील उंचीप्रमाणे रांगेत उभे असत.

"आत्याकडे राहायचं," बाबा म्हणाले. "खोलीबिली काही नको."

"का पण?"

"जिला दाराची किल्ली सांभाळता येत नाही, तिने दार मागू नये."

आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर शेकडो चादरींच्या घड्या घालून घरी यायची आणि घरी येऊन पुन्हा घड्याच घालायची. मान वर न करता ती म्हणाली, "आठ दिवस आहेत ना हातात? मग पारखून घ्या की. तुमचंच नाणं आहे, खोटं निघालं तर तुम्हीच दुकानात ठेवून घ्या."

बाबांनी त्याच संध्याकाळी घराच्या दाराची नवी किल्ली कापली. तिला लाल दोरा ओवला आणि भिंगरीच्या गळ्यात घातला.

"आठ दिवस. तू हाक मार, नाहीतर जिन्यात लोळण घे, मी दार उघडायचा नाही. एकदा जरी किल्लीवाचून दाराबाहेर राहिलीस, तर आत्या. कबूल?"

"कबूल. आणि नाही राहिले तर?"

बाबांनी मोठा सुस्कारा टाकला. "तर खोली."

मग आईची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी धुणं. भिंगरीने नवा लाल टॉवेल पांढऱ्या कपड्यांत टाकला आणि बाबांची तिन्ही बनियनं गुलाबी झाली. "चादरींना शिस्त लावणारीच्या पोटी ही रंगपेटी जन्मली," आई म्हणाली. समोर राहणारी बेकरीवाली मावशी पहाटे तीनला भट्टीवर जायची आणि दुपारभर झोपायची. तिने संध्याकाळी बाबांना जिन्यात गाठलं. "भावजी, गुलाबी खुलतो हो तुम्हाला!" बाबा आठवडाभर शर्टाचं वरचं बटण लावूनच फिरले.

दुसऱ्या दिवशी आईने तिला जिन्यातल्या मीटरच्या पेटीपाशी उभं केलं. पेटीत गॅसचा पाइप होता आणि पाइपावर एक पिवळी मूठ.

"मूठ पाइपाच्या रेषेत असली की गॅस चालू. आडवी केली की बंद. आणि एकदा बंद केलीस तर घाईने उघडायची नाही. आधी आत जाऊन शेगडीची कळ बंद आहे ना, ते बघायचं. नाहीतर जाळ विझलेला, कळ उघडी, आणि गॅस घरभर. कुणाला पत्ता लागायचा नाही."

भिंगरीने एवढी मोठी जांभई दिली की डोळ्यांत पाणी आलं. "हो गं आई."

"काय सांगितलं मी?"

"मूठ… रेषेत…"

"आधी आतली कळ, मग बाहेरची मूठ. म्हण."

आईने तिच्याकडून ते पाढ्यासारखं तीनदा म्हणून घेतलं. त्यानंतर भात झाला, बटण झालं, डाग झाले. शाईच्या डागाला काय, तेलाच्या डागाला काय, रक्ताला थंडच पाणी, गरम कधीच नाही. आई शिकवता शिकवता गुणगुणायची. ओव्या रचणं तिला तिच्या आईकडून आलेलं. चादरीचं टोक मिळालं की ओळ आपोआप सुचायची:

*लेक माझी वाट चाले, वाट तिची लांब लांब,*
*माझे पाय ओढ घेती, उंबऱ्याला म्हणते थांब.*

"कुणाची गं ही?" भिंगरीने विचारलं.

"कुणाची असणार? चादर माझी, ओळ माझी. ते टोक धर नीट."

पाच दिवस किल्ली गळ्यात नांदली. सहाव्या दिवशी दुपारी भिंगरीने एकटीने बटाटे उकडायला ठेवले. खाली वाकून भांडी घासताना किल्ली सारखी मध्ये यायची. एकदा तर साबणाच्या पाण्यात बुडी मारून आली. भिंगरीने दोरा काढून खिळ्याला अडकवला. फोन भिंतीपाशी चार्जिंगला होता. टेबलावरची चादर तेवढी चुऱ्याने भरली होती. ती झटकायला म्हणून ती दाराबाहेर आली, जिन्याच्या खिडकीतून तिने ती फडकवली आणि मागे वाऱ्याने दार लागलं.

खट्!

गावातलं सगळ्यात चांगलं, ओढलं की आपोआप बसणारं कुलूप. बाबांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं.

सवयीने तिचं तोंड खिडकीशी गेलं. समोर बाबांचं दुकान दिसत होतं, बाबा कानशीवर वाकलेले. हाक ओठांपर्यंत आली आणि तिथेच अडली. हाक मारली की खोली गेली. खिडकी गेली, शेगडी गेली, ओळखीचा डाग गेला. उरले आत्याचे उभे चमचे.

आत पातेल्यावरचं झाकण तडतड नाचत होतं. पाणी किती होतं? दहा मिनिटांचं. फार तर बारा. मग बटाटे करपतील, मग पातेलं, मग शेजारी वाळत घातलेलं फडकं.

तिने दार बडवलं, बंद दार आपलं ऐकेल असं वाटून. आणि तेवढ्यात, न बोलावता, आईचा पाढा आठवला. आधी आतली कळ, मग बाहेरची मूठ. आतल्या कळीला तर हात पोचत नव्हता. पण मूठ?

ती पेटीकडे धावली. मूठ गच्च बसली होती, वर्षानुवर्षं कुणी हात लावला नसावा. तिने टेबलावरची चादर मुठीभोवती गुंडाळली, दोन्ही हातांनी धरली आणि अंगाचा भार टाकला. मूठ करकरली, अर्धी वळली, मग आडवी झाली.

भिंगरी दाराला कान लावून उभी राहिली. झाकणाची तडतड मंदावली. मग एकेक टिचकी. मग काहीच नाही.

ती जिन्यातच मटकन बसली.

समोरचं दार उघडलं. बेकरीवाली मावशी केस पिंजारलेले, एक डोळा मिटलेला, अशी उभी. "कोण गं माझ्या झोपेच्या मुळावर उठलंय?"

भिंगरीने सगळं सांगितलं. मावशीने आत जाऊन तिला पाणी आणून दिलं, दोन टोस्ट दिले, आणि म्हणाली, "तुमची एक किल्ली माझ्याकडे असती तर तू आत असतीस आणि मी अंथरुणात."

"कुलूपवाल्याची किल्ली शेजारी? बाबा म्हणतात, लोक हसतील."

"लोकांचं सोड. मला तरी रडू येतंय." मावशीने जांभई दिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई सहाला येईल ना? तिच्याकडे किल्ली आहे. बस इथेच गपचूप. तुझ्या बाबाला कळायचं नाही, आणि मी तर काय, झोपेतच आहे." असं म्हणून तिने दार लोटूनही घेतलं.

भिंगरी एकटी राहिली. टोस्ट खाल्ला. खरंच, कळणार कुणाला? पण मग तिला ती खोली दिसली, आणि खोलीतला तो ओलीचा डाग रोज सकाळी आपल्याकडे डोळे वटारून बघतोय असंही दिसलं. खोटं बोलून मिळवलेल्या दारामागे झोप कशी लागायची?

ती उठून खिडकीशी गेली.

"बाबाऽ! मी बाहेर राहिले! किल्ली आत आहे! उघडायला येऊ नका, नुसतं सांगतेय!"

कानस तिथेच टाकून बाबा रस्ता ओलांडून आले. दोन तारा ओठांत धरलेल्या, धापा टाकत. "आत काही शिजत होतं?"

"बटाटे. गॅस बंद केलाय. बाहेरून."

बाबा गुडघ्यावर बसले, तार कुलपात घालणार तोच भिंगरी दाराला पाठ लावून उभी राहिली.

"नको. ठरलंय आपलं."

"अगं, ठरवणाराही मीच, मोडणाराही मीच. सरक."

"बाबा, तिकडे कोण येणार? नऊ तास लागतात."

बाबांची तार हवेतच राहिली. मग त्यांनी ती पुसली, खिशात ठेवली आणि पायरीवर बसले. भिंगरीही शेजारी बसली. उरलेला टोस्ट तिने अर्धा मोडून त्यांना दिला.

जिन्याच्या खिडकीतून आलेलं ऊन एकेक पायरी उतरत गेलं.

"तू चौथीत होतीस," बाबा म्हणाले. "दाराशी उभी राहून हाक मारलीस. मी आलो. तुझ्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात किल्ली होती, मला दिसत होती. तुला सांगायला हवं होतं."

"मग?"

"मग काय? तार काढली आणि उघडलं." त्यांनी टोस्टचा चुरा हातावरून झटकला. "तुझी हाक आली की बरं वाटायचं मला. सगळा दोष तुझा नाही."

भिंगरीने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. वरचं बटण सुटलं होतं. आत गुलाबी दिसत होतं.

सहाला आई आली. "हे काय, जिन्यात सभा भरवलीय?" ऐकता ऐकता तिने पिशवीतून किल्ली काढून दार उघडलं. इतका वेळ हात बांधून बसलेल्या बाबांना काहीतरी कामाला यायचं होतं. ते लगबगीने पेटीकडे गेले आणि त्यांनी पिवळ्या मुठीला हात घातला.

"बाबा, थांबा!"

असा आवाज त्या घरात भिंगरीचा कुणी ऐकला नव्हता. बाबांचा हात जागीच राहिला.

"आतली कळ उघडी आहे. आधी कळ."

ती आत गेली. शेगडीची कळ फिरवून बंद केली, पुन्हा एकदा हाताने चाचपली, खिडकी उघडली. मग दारात येऊन म्हणाली, "आता. आता मूठ."

बाबांनी मूठ फिरवली. आई पदराआड तोंड नेऊन हसत होती की काय करत होती, ते नीट दिसलं नाही.

बटाटे निम्मे कच्चे राहिले होते. आईने ते पुन्हा शिजवले आणि तिघंही मिठाबरोबर ते खात बसले.

"पैज तू हरलीस," बाबा म्हणाले.

"माहीत आहे." भिंगरीने बटाट्याचं साल सोललं. "आत्याला कळवा."

"किल्ली विसरणं हा गुन्हा असता, तर मी दुकान तुरुंगाच्या दारात काढलं असतं." बाबांनी बटाटा फुंकला. "विसरणारी माणसं मी रोज बघतो. वकील विसरतात, डॉक्टर विसरतात. पण दार बंद झाल्यावर डोकं उघडं ठेवणारं माणूस वर्षाकाठी एखादं भेटतं. मी स्वतः आज त्यातला नव्हतो." मग आईकडे बघत ते म्हणाले, "परीक्षाच चुकीची घेतली मी."

"म्हणजे?"

"म्हणजे तो खोलीचा फोटो दाखव. दार दिसतंय ना त्यात?"

फोटो मोठा करून, डोळ्यांशी नेऊन बाबांनी कुलूप न्याहाळलं. घर कसं, गल्ली कशी, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते समोरच्या दारी गेले आणि घराची एक किल्ली मावशीच्या हातात ठेवून आले. मावशी हसली नाही. एवढंच म्हणाली, "दुपारी झोपू द्याल ना आता?"

निघायच्या दिवशी बाबांनी भिंगरीच्या तळहातावर दोन किल्ल्या ठेवल्या. चकचकीत, सपाट. दात नसलेल्या.

"कोऱ्या आहेत या," ती म्हणाली.

"तुझ्या कुलपात बसतील अशाच आहेत. तिथल्या किल्लीवाल्याकडून कापून घे. कापली की कडेवरून नख फिरव. नख अडलं तर परत घासायला लाव, लाजायचं नाही. एक तुझ्या गळ्यात."

"आणि दुसरी?"

"ती कुणाला द्यायची ते मला काय ठाऊक? माणूस तू शोधायचंस."

नव्या शहरात चौथ्या दिवशी तिने दोन्ही किल्ल्या कापून घेतल्या. पहिलीवर नख फिरवलं, ते गुळगुळीत गेलं. दुसरीवर अडलं. तिने ती परत पुढे केली. तिथला किल्लीवाला भुवया उंचावून म्हणाला, "कुणी शिकवलं हे?"

"घरून शिकून आलेय," भिंगरी म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर चढून ती आपल्या दाराशी थांबली. पहिली किल्ली लावून पाहिली. दार उघडलं. तिने ते पुन्हा ओढून घेतलं, खट् झालं, आणि ती वळली. समोरच्या दाराआड कुणीतरी भांडी घासत होतं आणि बेसूर गात होतं. आल्या दिवशी जिन्यात त्याच बाईने न मागता तिच्या पेटीचं दुसरं टोक धरलं होतं.

आजवर तिने दारापुढे उभं राहून फक्त हाक मारली होती. तिने हात वर केला आणि दार वाजवलं.

गाणं थांबलं. दार उघडलं. कोपरापर्यंत फेस, कपाळावर बट.

"काय गं? किल्ली हरवली?"

"नाही," भिंगरी हसली, आणि तिने मूठ उघडली. "ठेवायला आणलीय."