पाटावर बसलेला ड्रिल

मित्रांनो, मी एक जुना ड्रिल आहे. भिंतीला भोकं पाडणारा नव्हे हं, हाडात सुई घालणारा! कोगनोळीजवळ हायवेलगतच्या एका छोट्या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. अंगातलं रक्त फार गेलं की शिरा सापडत नाहीत. मग डॉक्टर माझ्या तोंडाला नवी सुई लावून ती नडगीच्या हाडात बसवतात आणि तिथून सलाईन, रक्त देतात.

इथल्या अक्काताई मावशींचा माझ्यावर भारी जीव. एका खंडेनवमीला त्यांनी मला इमर्जन्सीच्या ट्रॉलीतून उचललं आणि आतल्या खोलीत पाटावर बसवलं. हळदकुंकू, वर झेंडूचं फूल! मी अगदी फुगून गेलो.

दुपारी टेम्पो उलटून जखमी झालेल्या मंगलला तिच्या भावानं, परशरामनं, आणलं. दंडाचा पट्टा नुसताच फुगत होता, बीपीचा आकडा येईना. शीरही मिळेना. डॉक्टर श्रीनाथांनी ट्रॉलीत हात घातला, तर माझी जागा रिकामी.

"मावशी, ड्रिल कुठं आहे?"

"पूजंला बसीवलाय, सायेब. आज हत्यार हलवायचं न्हाय..." बोलता बोलता त्यांची नजर मंगलच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर गेली. त्या धावतच आत आल्या. "चुकलं गं बाई माझं!" म्हणत त्यांनी स्पिरिटनं माझं कुंकू पुसलं. मला फार वाईट वाटलं. कुंकवाचं नव्हे, गेलेल्या वेळेचं.

दोन्ही नडग्यांत सुया बसल्या. एकीतून रक्त चढू लागलं. दुसरीला डॉक्टरांनी दाब मोजणारी नळी जोडली. पडद्यावर एक बारीक लाट हलली.

"हा आकडा दंडाच्या बीपीएवढा नसतो," डॉक्टर परशरामला म्हणाले, "पण दाब चढतोय की उतरतोय, ते कळतं."

"चढतोय न्हवं, सायेब?"

"चढतोय."

थोड्या वेळानं पट्ट्यानंही आकडा दाखवला. मंगलला पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन महिन्यांनी ती काठी टेकत आम्हाला भेटायला आली, तेव्हा अक्काताईंनी तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली.

माझी बॅटरी पुन्हा चार्ज होत नाही. आता माझा दिवा लाल झालाय आणि ट्रॉलीत नवा ड्रिल आलाय. यंदा अक्काताईंनी कुंकू ट्रॉलीलाच लावलं आणि नव्या ड्रिलला दटावलं, "तू हितनं हालायचं न्हाय रं!" पाटावर बसवलं ते मला. मित्रांनो, वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांना त्यांच्या जागेवर राहू द्या.

तेवढ्यात बाहेर अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा वाजला. सवयीनं मी सावध झालो. पण मला न्यायला कुणीच धावत आलं नाही. फार बरं वाटलं.