नाक्यावरचं बाकडं आणि ग्रेसताई

तुम्ही माझ्यावर बसला असाल, मित्रांनो, पण माझ्याकडे नीट पाहिलं नसेल. मी एक जुना बाक आहे. बाक म्हणा, बाकडं म्हणा, मला राग नाही. विठ्ठलवाडी स्टेशनवरून चालत आत आलात, की एका गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानासमोर मी उभा दिसेन. लोकांनी बसावं आणि मी गप्प राहावं, एवढंच माझं काम. पण स्वभावाला औषध नाही. मी जात्याच चोंबडा! कोण आलं, पिशवीत काय आणलं, आज चेहरा का उतरलाय, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

माझा जन्म डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. शिवराम नावाच्या वेल्डरने लोखंडी अँगल जोडून माझा सांगाडा केला, त्यावर जाड फळ्या बसवल्या, हिरवा रंग फासला आणि स्वतः ऐसपैस बसून म्हणाला, "हत्ती बसला तरी मोडायचा नाय." टेम्पोतून मी इथे आलो. नगरसेवकांनी नारळ फोडला, माझ्या पाठीवर आपलं नाव रंगवून घेतलं. पुढे निवडणूक झाली, नाव पुसून दुसरं आलं. मग तिसरं. पाठ माझी, पण मला कुणी विचारलं नाही!

पहिल्या दिवसापासून माझ्यावर मंडळाची पोरं बसू लागली. त्यांचा म्होरक्या दिपेश. ही सगळी गल्ली त्याच्या आजोबांच्या, पंढरीबाबांच्या भातशेतावर वसलेली. चाळी त्यांच्याच, त्यामुळे दिपेशचा रुबाब काही विचारू नका. पण पोरगा मनाने वाईट नव्हता. संदेश आणि बाकीची टाळकी जमली, की क्रिकेट, मोबाईल, कोणाची बाईक किती पळते, अशा गप्पा रात्रीच्या जेवणापर्यंत रंगायच्या. मला मजा यायची.

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. मुली कुठे बसतात?

माझ्याजवळ आल्या की त्यांची पावलं भराभर पडायची. समोरच्या चाळीतली रुपाली होती ना, तिचं हसू म्हणजे पितळी भांडं पडल्यासारखं, गल्लीभर ऐकू जायचं. घरात दीड खोली, आजी, धाकटा भाऊ, टीव्ही. जरा हसली की "हळू हस गं" म्हणून कोणीतरी दटावायचंच. मग ती आणि तिची मैत्रीण संचिता जिन्याखाली, लाईटच्या मीटरांपाशी, उभ्या उभ्या बोलायच्या. कोणी आलं की भिंतीला चिकटायच्या. बाकावर बसू नका, असं त्यांना कोणी सांगितल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मग बसत का नव्हत्या? विचार करकरून माझ्या फळ्या तडकायची वेळ आली.

अशात पंढरीबाबांच्या तळमजल्यावरच्या खोलीत एक जोडपं राहायला आलं. डॅनियल आणि ग्रेस. थेट केनियाचे! किसुमू नावाचं त्यांचं गाव, मोठ्या थोरल्या सरोवराच्या काठचं. तिथल्या चर्चच्या संस्थेने त्यांना इथल्या तरुण पोरापोरींसाठी काम करायला पाठवलं होतं. सगळी गल्ली आ वासून बघत राहिली. मी तर विचारूच नका. ते चहाला चायच म्हणतात आणि चपातीला चपातीच, हे ऐकल्यावर मला वाटलं, हे तर आपल्याच नात्यातले निघाले! पण कुजबूजही सुरू झाली. "मिशनरी आहेत म्हणे. पोरांना बाटवतील, सांभाळा."

डॅनियलचं काम झटक्यात जमलं. त्याने मैदानात फुटबॉल टाकला आणि पोरं धावली. ग्रेसने मुलींसाठी खोलीत चटई अंथरली, भिंतीवर चित्रं लावली, गल्लीत घरोघरी जाऊन बोलावून आली. एकही मुलगी फिरकली नाही. रुपालीचे बाबा, महिपतराव, केमिकल कंपनीतून पहिल्या पाळीवरून आले की गॅलरीत चहाचा कप घेऊन बसायचे. त्यांनी तिथूनच रुपालीला बजावलं, "परक्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आत काय चालतं ते कोणाला दिसतंय?"

मग एका संध्याकाळी ग्रेसकडून चूक झाली. किती गोड चूक, ते ऐका. डॅनियल चावी घेऊन मैदानात गेला होता. बाजारातून दमून आलेली ग्रेस सरळ माझ्याकडे आली आणि पोरांच्या शेजारी धपकन बसली. बाईमाणूस! नाक्यावरच्या बाकड्यावर! पोरं विजेचा झटका बसल्यासारखी उठली. वरच्या खिडक्या धडाधड उघडल्या. संदेश पुटपुटला, "भाई, मॅडम बसली रे! आता?" दिपेश डोकं खाजवू लागला. परक्या बाईला ऊठ कसं म्हणायचं? आणि ग्रेसला वाटलं, काय गुणी मुलं आहेत ही, मला जागा दिली! तिने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "थँक्यू, दिपेश भाऊ. तू फार चांगला." झालं! चारचौघांत चांगला ठरलेला माणूस बोलणार काय? दिपेशने नुसती मान डोलावली. ग्रेस दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली, आणि रोज त्याला तितकंच मनापासून थँक्यू म्हणाली.

दुपारी गल्ली सामसूम असली, की नवराबायको दोघं माझ्यावर बसायची. इथे नवराबायको रस्त्यात खेटून बसत नाहीत हे त्यांनी ताडलं होतं, म्हणून मधे भाजीची पिशवी ठेवायची. घराबाहेर पडलं की फक्त मराठीच बोलायचं, असा त्यांनी नियम केला होता. त्यामुळे भांडणसुद्धा मराठीत!

"तू मैदानात जातो. मुलं येतात. माझ्याकडे कोण येते?" ग्रेस म्हणाली. "कावळा येतो."

"टेन्शन नको घेऊ, ग्रेस," डॅनियल म्हणाला. त्याचं मराठी दिपेशकडून शिकलेलं.

"टेन्शन घेणार! आपण इतके लांब आलो. घर सोडलं. मुली मला खिडकीतून बघतात, मी त्यांना खालून बघते. हे काम आहे का?" बोलता बोलता तिचे डोळे भरले. डॅनियलने इकडेतिकडे पाहिलं, पिशवी उचलून खाली ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. मला फार वाईट वाटलं हो. तिला सांगावंसं वाटलं, बाई गं, तुझ्या खोलीत नाही येणार कोणी, पण तू बाहेरच बस. पण बाकाला कुठली वाचा!

घोडं पुढे सरकलं ते सुक्या मांदेलीमुळे. ग्रेस एकदा बाजारातून सुकी मांदेली घेऊन आली आणि उजेड बरा म्हणून माझ्यावरच निवडायला बसली. तेवढ्यात गोदाआजी आली. गोदाआजी म्हणजे पंढरीबाबांची बायको, दिपेशची आजी. तिला गल्लीत कोणी उलटून बोलत नसे. ती थबकली. परदेशी बाई मासळी कशी निवडते, हे बघायला मान वाकडी करून उभी राहिली. ग्रेस नखाने मुंडी चिमटायची आणि एका झटक्यात पोटासकट ओढायची. अगदी गोदाआजी ओढते तश्शी!

"अगो बाय! तुना कुनी शिकवला?" गोदाआजी म्हणाली.

"माझी आई. आमच्याकडे लहान मासे. ओमेना म्हणतात. उन्हात सुकवतो."

"आनि आंबट काय घालता?"

"टोमॅटो."

"टमाटा? छ्या! कोकम घालायचा." कोकमाची महती सांगता सांगता आजीचे गुडघे दुखायला लागले आणि ती बसली. मित्रांनो, ज्या बाईच्या नवऱ्याच्या शेतावर मी उभा आहे, ती बाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर टेकली! मग तिने मनातलं सरळ विचारून टाकलं, "खरा सांग, आमाला बाटवाला आलाव का गं?"

ग्रेस हसली नाही. शब्द जुळवत म्हणाली, "मी देवाला प्रार्थना करते. आजी, तुमच्यासाठी पण करते. तुम्ही नको म्हटलं, तर नाही करणार."

आजीने गुडघा चोळला. "कर बाय. माज्या गुडघ्यांचा पन सांग त्याला. आमची गावदेवी ऐकून ऐकून कंटालली."

गोदाआजी बसली म्हटल्यावर कोणाची बिशाद होती बोलायची? दुसऱ्या दिवशी संचिता आली, तिच्यामागून रुपाली. महिपतरावांनी गॅलरीतून पाहिलं, भुवया चढवल्या आणि वरूनच म्हणाले, "बाकड्यावर बस. पण खोलीत नाही. बाकड्यावर आहेस तोवर मला दिसतेस." म्हणजे बघा, ज्या कामाला चार भिंती मिळाल्या नाहीत, त्याला मी मिळालो!

ते माझे सोन्याचे दिवस. ग्रेस तिकडे नर्स होती. ती पोरींना पट्टी बांधायला शिकवायची, पाळीच्या दुखण्याबद्दल मोकळेपणी बोलायची, आणि पोरी तिला साडी नेसण्यापासून शेजारणीला टोमणा कसा मारायचा इथपर्यंत सगळं शिकवायच्या. ती सगळ्यांची ग्रेसताई झाली. आणि रुपाली हसायची! डोकं मागे टाकून, माझ्या पाठीवर थापा मारत. दुकानातलं गिऱ्हाईक दचकून बघायचं, पण तिला कोणी हळू हस म्हणायचं नाही. मला अखेर कळलं, या पोरींना बोलायला विषय हवा नव्हता. बसायला जागा हवी होती.

पण दिपेशच्या मनात खुपत होतं. "आपलं बाकडं गेलं यार," संदेशला तो म्हणायचा. गणपती जवळ आले. पाहुण्यांना बसायला हवं, या निमित्ताने पोरांनी मला मांडवात नेलं. उत्सव झाला, मांडव उतरला, आणि मला मंडळाच्या शेडमागे बांबूंच्या ढिगात टाकून वर ताडपत्री ओढली. "राहू दे इथेच," दिपेश म्हणाला. किती दिवस गेले कोण जाणे. घुशी माझ्याखाली घर करून राहिल्या. ज्याला जगाची उठाठेव, त्याला ताडपत्रीखाली कोंडून ठेवलं, याहून मोठी शिक्षा नाही. गल्लीत काय चाललं असेल? रुपाली कुठे असेल?

ते मला ग्रेसकडून कळलं. एकदा दुपारी तिने ताडपत्री उचलली. सोबत डॅनियल होता. दोघं तशीच धुळीत बसली. "रुपालीच्या बाबांनी सांगितलं, बाकडं नाही तर खाली जायचं कारण नाही," ती म्हणाली. "मुली परत जिन्याखाली. आणि आपण उद्या जाणार." संस्थेने ठरवून दिलेला त्यांचा काळ संपला होता.

"दिपेशशी मी बोलू?" डॅनियलने विचारलं.

ग्रेसने मान हलवली. मग म्हणाली, "नको. आपण मागितलं तर ते आपलं बाकडं होईल." तिने माझ्या फळीवरून हात फिरवला आणि दोघं उठून गेली. मला रडू आलं, मित्रांनो. मला वाटलं, संपलं सगळं.

पण पुढच्या रविवारी, भल्या सकाळी, शेडच्या दाराशी आवाज आला.

"दिपेशदादा, बाकडं दे." रुपाली होती. मागे संचिता आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या मुली.

"कशाला?"

"बसायला."

"घरात बसा की."

"घरात तू बस. बघ, किती वेळ जमतं ते."

संदेश फिस्सकन हसला. दिपेश लाल झाला. "आणि आम्ही कुठे बसायचं?"

"तुम्ही संध्याकाळी मैदानात असता. सात वाजेपर्यंत आम्ही, नंतर तुम्ही. मंजूर?" उत्तराची वाट न बघता ती शेडमागे आली आणि तिने ताडपत्री खेचली. घुशी पळाल्या, पोरी किंचाळल्या, पण एकीने मला सोडलं नाही. मी काय हलका आहे? धापा टाकत, थांबत थांबत त्यांनी मला उचलून चालवलं. संदेश हात लावायला पुढे झाला, तर रुपाली म्हणाली, "उचलू नकोस. गटार कुठे उघडं आहे तेवढं सांग." दिपेश जागचा हलला नाही. पण तो नाहीही म्हणाला नाही. गोदाआजीने दारातून ओरडून सांगितलं, "सरल ठेवा गो, एक पाय हलतंय त्याचा!"

संध्याकाळी पोरी बसल्या. रुपालीने ग्रेसताईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सरोवर, इकडे किराणा दुकान. हसण्याखिदळण्याला ऊत आला. इतक्यात चाळीचा जिना वाजला आणि महिपतराव खाली उतरले. ते कधी असे उतरत नसत. सगळ्या चिडीचूप झाल्या. माझ्यावरचं रुपालीचं ओझं एकदम आखडलं. आता ते तिला वर नेणार, आणि पुन्हा खाली सोडणार नाहीत, हे तिला कळलं होतं. मलाही.

महिपतराव समोर येऊन उभे राहिले. खाकरले. म्हणाले, "वर मला नुसतं हसणं ऐकू येतं. काय बोलता एवढं? मी... मी बसू का जरा?"

रुपालीने बाबांकडे पाहिलं, मैत्रिणींकडे पाहिलं. मग सरळ बसून म्हणाली, "बाबा, पाच मिनिटं थांबा ना. आमचं महत्त्वाचं चाललंय."

आणि मित्रांनो, महिपतराव थांबले. हात मागे बांधून, दुकानाच्या पायरीशी, जागा मिळण्याची वाट बघत थांबले.

आता माझा रंग उडालाय, एक पायही लटपटतो. माझी डागडुजी करा, माझ्यावर नावं कोरू नका, हे तर सांगायलाच हवं. पण माझं खरं मागणं निराळं आहे. तुमच्याही नाक्यावर माझा एखादा भाऊबंद असेल. आज संध्याकाळी जाऊन बघा, त्याच्यावर कोण बसतं आणि कोण बसत नाही. मग घरी जा आणि विचारा, "आई, तू कधी बसलीस का गं तिथे?"