एकावन्नवाले डॉक्टर

वसाहतीत डॉक्टरांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. तोंडावर सगळे त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणत आणि पाठ वळली की 'एकावन्नवाले'. अणुवीज केंद्राच्या दुर्घटनेत किती माणसं गेली, असं विचारलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, आणि इतक्या वर्षांत ते जागचं हललं नव्हतं. मंत्री बदलले, फुटलेल्या अणुभट्टीवर काँक्रीटचं टोपण चढलं, गाव सोडून आलेल्यांची ही वसाहत वसली, इथं जन्मलेली पोरं संसाराला लागली. डॉक्टर आपले एकावन्नवर.

मृतांची नावं ठरवणाऱ्या समितीत त्यांच्या समोर वकील बसायचे. ते 'नऊ हजारवाले'. दोघांचं कुठल्याच वाक्यावर एकमत होत नसे, आणि चहा मात्र दोघं एकाच किटलीतला घेत. वसाहतीला याची गंमत वाटायची. पण गंमत फार दिवस टिकण्यासारखी नव्हती, कारण चौकात स्मारकाचा दगड आणून उभा केला होता. चांगला पुरुषभर उंच, घासून गुळगुळीत केलेला आणि कोरा. त्यावर नावं कोरायची होती आणि नावं ठरत नव्हती. कोरणारा कारागीर दर सोमवारी येऊन विचारून जायचा. हल्ली तो विचारायचाही बंद झाला होता, नुसता दारात उभा राहून परत जायचा.

"शंभर जणांना कॅन्सर झाला," डॉक्टर समितीत समजावून सांगत. "त्यातल्या शहाण्णवांना तो एरवीही झालाच असता. किरणांमुळे चार जास्त झाले. हे मी नाकारतच नाही. पण ते चार कोण? कुणाच्या गाठीवर तसं लिहिलेलं नसतं. मला आकडा देता येईल, नाव देता येणार नाही. आणि दगडाला नाव लागतं."

"मग शंभरही लिहा," वकील म्हणत.

"म्हणजे शहाण्णव खोटी नावं."

"आणि तुम्ही एकही लिहीत नाही, म्हणजे चार खऱ्या माणसांना पुसलंत. ते चालतं का?"

इथं येऊन गाडी अडायची. डॉक्टर हट्टी होते, पण दगडाच्या काळजाचे नव्हते, हे वकिलांनाही ठाऊक होतं. मोठ्या आकड्यांनी काय केलं ते डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात बसून पाहिलं होतं. वर्तमानपत्रांत हजारांचे आकडे छापून आले की धडधाकट पोटुशी बाई घाबरून यायची आणि मूल नको म्हणून हातापाया पडायची. वसाहतीतल्या मुलींची लग्नं मोडायची. आपण मरणारच आहोत असं एकदा मनानं घेतलं की तरणाताठा माणूस काम सोडून भिंतीला टेकून बसायचा. म्हणून त्यांनी नियम करून घेतला होता: किरणांनीच गेला असं ज्याच्याबद्दल छातीवर हात ठेवून सांगता येईल, तोच मोजायचा. नियम समितीनं मान्य केला होता. आता थोडीच प्रकरणं लोंबकळत होती, आणि त्यांतलं एक त्यांच्या स्वतःच्या दादाचं होतं.

भावाच्या प्रकरणात भावानं बोलू नये, असं डॉक्टर आपणहून म्हणाले होते. तर वकीलच आडवे आले. "छे, तुम्हीच बोला," ते म्हणाले. "तुम्ही सख्ख्या भावासाठीही खोटं बोलणार नाही हे अख्ख्या वसाहतीला माहीत आहे. तुम्ही म्हणाल ते मी मान्य करीन." डॉक्टरांना त्या वेळी बरं वाटलं होतं. आपल्याला कशात अडकवलं जातंय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते वहिनींकडे गेले. वहिनी दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि शिवणकाम करायच्या. स्वयंपाकघरातच खिडकीशी मशीन होतं, त्यावर कुणाची तरी पँट खालची दुमड शिवायला पडली होती. त्यांनी चहा ठेवला, मशीनपुढे बसल्या आणि सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? गोलमाल उत्तर नको."

"विचारा की."

"औषध घेतलं नसतं, तर हे वाचले असते का हो?"

औषध म्हणजे दारू. पण या घरात तिला कधी दारू म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. दुर्घटना झाली तेव्हा दादा नगरपालिकेच्या टँकरवर होता. रस्ते, भिंती, झाडं धूत फिरायचं, हे काम. पाळी संपली की केंद्राच्या फाटकावर केंद्राचीच गाडी उभी असायची आणि माणशी एक बाटली मिळायची. पोटात गेली की किरणं धुऊन काढते, असं पाळीचा साहेब सांगायचा, आणि साहेबानंही ते कुणाकडून तरी ऐकलेलंच असणार. दादा जन्मात कधी प्यायला नव्हता. वासानंच त्याला मळमळायचं. मग वहिनी त्याला ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून द्यायच्या, सकाळी एक आणि रात्री एक, आणि तो नाक दाबून घ्यायचा. वर चिमूटभर साखर. वाटप बंद झालं तरी औषध बंद झालं नाही, कारण किरणं अजून अंगात असतील ही भीती काही बंद झाली नव्हती. झाकणाची वाटी झाली, वाटीचा पेला झाला. शिक्षण संपवून डॉक्टर घरी आले तोवर दादाचे हात कापायला लागले होते. त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं, हे थोतांड आहे, सोड. "तू तिथं नव्हतास," दादा म्हणायचा. शेवटी यकृतानं दगा दिला. शेवटच्या दिवसांतही वहिनी शेजाऱ्यांना सांगत होत्या, यांचं औषध चालू आहे.

डॉक्टरांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. उत्तर त्यांना माहीत होतं. पाळीवर असताना दादाच्या छातीवर किरणं मोजणारा बिल्ला असायचा आणि त्या बिल्ल्यावरचं माप त्यांनी केव्हाच बघितलं होतं. इस्पितळातल्या दोन-चार मोठ्या तपासण्यांत कुणालाही लागतात तेवढीच किरणं त्याला लागली होती. त्यानं काही त्याचं वाकडं होणार नव्हतं. दादा आज इथं असता, याच खुर्चीत बसून समितीला शिव्या घालत असता. आणि औषध मोजून देणारे हात समोर सुईत दोरा ओवत होते.

"नसते वाचले," डॉक्टर म्हणाले.

वहिनींचे हात थांबले. "खरंच?"

"खरंच. औषध घेतलं असतं काय आणि नसतं काय, काही फरक पडला नसता."

वहिनींची नजर सुईवरच होती. मग त्यांनी मोठा श्वास सोडला. इतकी वर्षं तो कुठं अडकवून ठेवला होता कुणास ठाऊक. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला आणि डॉक्टरांना त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हाच्या आठवल्या. तेव्हा डॉक्टर शाळेत होते.

"म्हणजे किरणांनीच गेले," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली न हलवल्यासारखी केली.

"मग उद्या तेवढंच सांगा, भाऊजी. माझं दुसरं काही मागणं नाही. दगडावर यांचं नाव आलं की लोक तरी तोंड आवरतील. दारुडा म्हणतात हो त्यांना. माझ्यासमोर नाही म्हणत, पण म्हणतात."

घरी परतताना डॉक्टर स्वतःवर इतके चिडले होते की समोरून येणारा ओळखीचा माणूसही त्यांना दिसला नाही. डॉक्टर झाल्यापासून एक खोटं बोलले आणि तेही असं की दुसऱ्या दिवशी चारचौघांत, समितीपुढे, पुन्हा बोलावं लागणार. आणि न बोलावं तर? मग वहिनींना सगळ्यांच्या देखत कळणार की नवरा वाचला असता, आणि कुणाच्या हातानं तो गेला. डॉक्टर रात्रभर कूस बदलत होते. पहाटे त्यांनी ठरवलं: एक नाव. एका नावानं काय होतंय. एकावन्नाचे बावन्न होतील. वहिनींपेक्षा आकडा मोठा नाही. हे त्यांनी मनाशी इतक्या वेळा घोकलं की ते खरं वाटायला लागलं.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत होती. भिंतीला शिड्या, कोपऱ्यात गाद्यांचा ढीग आणि मध्ये मांडलेल्या लोखंडी खुर्च्या. जवळजवळ सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या आणि त्यांत बायकाच जास्त होत्या. वहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, कपाटातली चांगली शाल अंगावर घेऊन. त्यांनी डॉक्टरांकडे बघून मान डोलावली.

अध्यक्षबाई पूर्वी न्यायाधीश होत्या. लांबण लावलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी दादाचं प्रकरण थोडक्यात वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून डॉक्टरांकडे पाहिलं. "उभे राहा, डॉक्टर. मृत्यूचं कारण एवढंच सांगा. वकीलसाहेब तुमचा शब्द मानायला तयार आहेत."

डॉक्टर उभे राहिले. वाक्य जिभेवर तयार होतं. वकील हाताची घडी घालून ऐकत होते, निर्धास्त, सोनाराच्या तराजूकडे बघावं तसे. डॉक्टरांना घाम फुटला तो तिथं. आपण काहीही बोललो तरी ते खरं धरलं जाणार होतं.

"माझा भाऊ," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "माझा भाऊ पाळीवर असताना त्याला जी किरणं लागली, त्या किरणांमुळे…"

पुढं त्यांना जमेना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडले. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. आधी आशेनं बघत होत्या, मग नुसत्या बघत राहिल्या. डॉक्टर लहान असताना परीक्षेतले गुण लपवायचे तेव्हा त्यांचे कान लालबुंद व्हायचे, आणि घरात आलेल्या नव्या वहिनीनंच ते पहिल्यांदा पकडलं होतं. घरात त्यावरून किती दिवस त्यांची टिंगल चालली होती. आता केस पिकले होते, पण कान तेच होते.

वहिनी खुर्चीचा आधार घेत उठल्या. "बाई, त्यांना नका विचारू. ते माझ्यापायी खोटं बोलतायत. मी सांगते."

"सांगा."

"ते दारूनं गेले," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी तो शब्द त्यांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता. त्यांनी तो नीट, सावकाश उच्चारला, पहिल्यांदाच कुणाचं तरी नाव घ्यावं तसा.

"मीच मोजून द्यायचे. नको म्हणाले तर रागवायचे. ती प्यायले नसते तर असते आज. असते ना हो, भाऊजी?"

डॉक्टरांना हो म्हणावं लागलं. वहिनी खाली बसल्या आणि शाल सारखी करत राहिल्या. त्यांनी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. डॉक्टरांना वाटलं, त्या रडत्या तर बरं झालं असतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि परत घातला. "नियमानं हे नाव घेता येणार नाही," त्या शक्य तेवढ्या मऊपणानं म्हणाल्या. टंकलेखकानं तसं लिहिलं. वकील मान खाली घालून बसले, त्यांनी आक्षेप घेतला नाही. आकडा शाबूत राहिला होता, एकावन्न, आणि तो बरोबर होता. डॉक्टरांना त्याची अशी लाज वाटली की त्यांना बसता येईना.

"डॉक्टर, बसा. झालं."

"झालं नाही," डॉक्टर म्हणाले. "दारू कुणी दिली, ते विचारायचं राहिलं."

"नियम तुमचाच आहे. किरणांनी गेलेलेच मोजायचे."

"माझाच आहे. आणि तो चुकलाय." त्यांचा आवाज आता कापत नव्हता, कान कसे होते ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. "दादा पिणारा नव्हता. केंद्राच्या फाटकावर, केंद्राच्या गाडीतून, केंद्राच्या साहेबानं त्याला बाटली दिली, औषध म्हणून. माझ्या वहिनींनी ती औषध म्हणूनच मोजून दिली. दुर्घटना झाली नसती तर ती बाटली आमच्या घरात आलीच नसती. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. यात कुठलंही गणित लागत नाही. मी इतकी वर्षं किरणं मोजत बसलो आणि ती बाटली घेतलेल्यांतली किती माणसं गेली, हे एकदाही मोजलं नाही."

"किती असतील?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

वकिलांनी चमकून वर पाहिलं. डॉक्टरांना आणखी काही बोलायचं होतं, पण मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. एक म्हातारी उठून उभी राहिली होती. हातात कापडी पिशवी, पायात नातवाचे असावेत असे बूट. समितीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती वहिनींकडे बघत होती.

"निळ्या बुचाची बाटली होती ना ती?" तिनं विचारलं. "आमच्याकडेही औषधच म्हणायचे."

वहिनी वळल्या. "तुम्हीच द्यायचात?"

"मीच. दुसरं कोण देणार?"

वहिनींनी शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हातारीला म्हणाल्या, "या, इथं बसा."