मंजुळाबाईंचा पाय

रणजीत उंबऱ्यापाशी पालथा झोपला, तेव्हा त्याच्या उजव्या पायातली चप्पल मागे अंगणातच गळून पडली होती आणि त्याला ते कळलंही नव्हतं. त्याच्या बायकोने, अपेक्षाने, ती उचलून भिंतीशी ठेवली. रस्त्यावर रिक्षा थांबली होती. अकराच्या आत चाकणच्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं आणि साडेनऊ केव्हाच वाजून गेले होते.

"सात येळा लाव, आई," रणजीत फरशीला गाल टेकवून म्हणाला. "आन् चांगला दाबून लाव."

मंजुळाबाईंनी पातळाचा काठ वर खोचला. त्या पायाळू. जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा डावा पाय पाठीला लागला की उसण उतरते, ही आसपासच्या गावांची पक्की समजूत. दर रविवारी त्यांच्या ओसरीवर सात-आठ वाकडी माणसं येऊन बसायची. रानात कंपन्या उभ्या राहिल्या, लोक नांगर सोडून लाइनवर गेले, पण पाठी काही सरळ झाल्या नाहीत; उलट मंजुळाबाईंच्या पायाला बरकतच आली. त्यांनी कुणाचा रुपया घेतला नाही. मान मात्र पुरेपूर घेतला, आणि तो त्यांना आवडायचाही.

"आत्या, थांबा," अपेक्षा म्हणाली.

"तू गप गं," रणजीत खालूनच ओरडला.

"नाही बसणार गप. न सांगायची तुमची शपथ गेली खड्ड्यात." अपेक्षा मंजुळाबाईंकडे वळली. "आत्या, ही उसण नाही. मणक्यातली गादी सरकून नसेवर बसलीय. ह्यांना पायाचा पंजा उचलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, आज-उद्या ऑपरेशन झालं नाही तर पाय कायमचा लुळा पडेल. पाठीवर कुणाला पाय देऊ देऊ नका, हेही बजावलंय."

ओसरीवरची कुजबुज थांबली. मंजुळाबाईंनी उचललेला पाय खाली टेकवला.

"माझ्या पायानं आजवर कुनाचं वाईट झालंय का गं?"

अपेक्षाने नुसतं रणजीतच्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं. लग्न झाल्यापासून ती या बाईला दबून होती. या क्षणी तर तिला दुखण्यापेक्षा सासूचीच जास्त भीती वाटत होती.

"आई, तिचं काय ऐकतीस?" रणजीत म्हणाला. "पुढच्या सोमवारी कंपनीत मेडिकल हाय. आठ वर्सं कॉन्ट्रॅक्टवर घासली, आता पर्मनंट करायला निघालेत. पाठीला टाके दिसले तर ठेवतील का मला? आमच्या कंपनीतल्या नवनाथचं काय झालं बघितलं न्हाई का? ऑपरेशन करून गेला, तर गेटवरनंच माघारी धाडला. तू पाय लाव. उतरलं तर रिक्षा माघारी लावतो."

"आणि नाही उतरलं तर?" अपेक्षाने विचारलं.

"सगळ्या गावाचं उतरतं. माझंच का न्हाई उतरनार?"

मंजुळाबाई वाकल्या, पण पाठीकडे नाही. त्यांनी लेकाच्या उजव्या तळपायावर अंगठ्याचं नख टाचेपासून बोटांपर्यंत ओढलं. लहानपणी तळव्याला नुसतं बोट लागलं तरी हा पोरगा घर डोक्यावर घ्यायचा. आता तो तसाच पडून होता. त्यांनी पुन्हा नख ओढलं, जोरात. कातडीवर पांढरी रेघ उठली.

"लाव की, आई," रणजीत म्हणाला. "कशाची वाट बघतीस?"

 सरळ उभं राहायला मंजुळाबाईंना भिंतीचा आधार घ्यावा लागला. खोचलेला काठ त्यांनी सोडला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "मी पायाळू न्हाई."

"काय?"

"सासूबाईंनी उठवलेलं ते. नवी नवरी व्हते मी. लोक मान द्यायला लागले, मीबी गप राह्यले. चारचौघींसारखी डोक्याकडनंच जल्मले मी."

हे त्या ओसरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलल्या.

रणजीत कोपरावर उठला आणि कळ आल्यामुळे तसाच थांबला. "खोटं बोलतीस." मग त्याने ओसरीकडे मान वळवली. "शालनमावशे, तूच सांग. तुझ्या आईच्या हातावर जल्मली ना ही?"

शालनबाई मंजुळाबाईंच्या माहेरच्या, लहानपणापासूनची मैत्रीण. त्यांची आई त्या गावची सुईण होती. त्या स्वतःही आज कंबर धरून तासभर बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. शालनबाईंनी मंजुळाबाईंकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "डोक्याकडनंच झाली ही. आमची आई सांगायची."

"म्हंजी इतकी वर्सं आमाला येड्यात काढलं व्हय?" कुणीतरी म्हणालं आणि चपला शोधू लागलं. दुसरा एक जण फिदीफिदी हसला. मंजुळाबाईंचे कान तापले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

 रणजीतने अपेक्षापुढे हात केला. "धर."

दोघींनी दोन बाजूंनी धरून त्याला रिक्षापर्यंत नेलं. आत बसल्यावरही त्याने आईकडे पाहिलं नाही. अपेक्षा नमस्काराला वाकली, तशा मंजुळाबाई दोन पावलं मागे सरल्या.

"आता कशाला? जा लवकर, अकरा वाजतील. मी कपडे घेऊन बसनं येते."

त्या परत आल्या तेव्हा ओसरी रिकामी झाली होती. शालनबाई तेवढ्या होत्या. त्या कंबर धरून हळूहळू उठल्या, आत आल्या आणि उंबऱ्यापाशी पालथ्या झोपल्या.

"दार लावून घे," त्या म्हणाल्या. "आता कुनी न्हाई. आमची आई खरं काय सांगायची, ते ठावं हाय मला. लाव पाय."

मंजुळाबाई दारापर्यंत गेल्या. कडीला हात लावून क्षणभर उभ्या राहिल्या आणि दार उघडंच ठेवून परत आल्या. शालनबाईंच्या शेजारी फरशीवर बसून त्यांनी मैत्रिणीच्या काखेत हात घातला.

"ऊठ, शालन," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातच चाललेय, तूबी चल. त्याच डॉक्टरला पाठ दाव."