स्क्रीनचा प्लग

"हे बघा अनुपमा, डावीकडे खाली मेनू. दिसला?" आमचे हे म्हणाले, आणि बंद स्क्रीनच्या कोपऱ्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

अनुपमाने माझ्याकडे बघितलं. मी इस्त्री हातात घेऊन उभी होते. स्क्रीनचा प्लग मीच काढला होता. आमच्या एक्स्टेंशन बोर्डावर मोजक्या जागा, त्यात इस्त्री लावायची तर कुणाला तरी उठवावं लागतं. हे अंघोळीला गेले होते तेव्हा मी स्क्रीनला उठवलं, कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून. म्हटलं, बाहेर येऊन ओरडतील, तेव्हा लावू परत.

ते ओरडलेच नाहीत. आले, खुर्चीत बसले, एका कानात इअरफोन घातला आणि खटाखट टाइप करायला लागले. मी आपली उशांच्या अभ्र्यांत गुंतलेली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची अनुपमा आली. ती घरी शिकवण्या घेते. तिचा लॅपटॉप जुना, नवीन विंडोज त्यात चालणार नाही असं दुकानदाराने सांगितलेलं, तेव्हा विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स टाकून बघू का, हे विचारायला आली होती. म्हणजे आमच्या घरी आयतंच गिऱ्हाईक.

आमचे हे, म्हणजे विद्याधर, विमा कंपनीतून रिटायर झाले आणि लिनक्सच्या नादी लागले. रिटायर होऊन लोक देवाला लागतात, हे ह्याला लागले. कुणाच्या बारशाला गेलो तरी यजमानाच्या कॉम्प्युटरची चौकशी करणार. निम्म्या सोसायटीला त्यांनी लिनक्सवर आणलंय. बाभई नाक्यावरचा झेरॉक्सवाला तर मला 'लिनक्सवाल्या काकू' म्हणतो. मला त्याचा वैताग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही वाटायचा.

"वर्डच्या जागी लिबरऑफिस," ते सांगत होते. "तुमच्या प्रश्नपत्रिका मराठीत झकास होतील. सोसायटीच्या नोटिसा मी त्यातच करतो. इंटरनेटला फायरफॉक्स, व्हिडिओला व्हीएलसी, फोटो कापायचा असेल तर गिम्प. आणि सगळ्यात आधी टाइमशिफ्ट टाकायचं. काही बिघडलं ना, की कॉम्प्युटर कालच्या दिवसावर परत नेता येतो."

"हो काका, पण..." अनुपमा अडखळली.

"थांबा, उघडूनच दाखवतो." त्यांची बोटं चालली. "हे बघा आलं. किती स्वच्छ दिसतंय ना?"

मला हसू आलं. वाटलं, आमची फिरकी घेतायत. 'पुरे झाली मस्करी' म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मस्करी करताना ह्यांची डावी भुवई वर जाते. गेली चाळीस वर्षं जाते. ती जागच्या जागी होती. काळ्या ठिक्कर काचेकडे बघून ते मनापासून खूश होते.

अनुपमा "काका, स्क्रीन" एवढं म्हणाली मात्र, मी तोंडावर बोट ठेवलं. मग वाकले, इस्त्रीचा प्लग ओढला आणि स्क्रीनचा खुपसला. घाईत दोनदा चुकला.

स्क्रीन उजळली. लिबरऑफिस उघडलेलं होतं. खाली डावीकडे मेनू होता. सगळं ते सांगत होते तिथेच होतं.

"हो काका," अनुपमा कशीबशी म्हणाली. "मस्त दिसतंय. मी रविवारी लॅपटॉप घेऊन येते." दारात तिने माझा हात घट्ट धरला आणि जिना चढून गेली.

मी दार लावलं. ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिले.

"तुम्हाला किती दिसतं?"

"म्हणजे?"

"मी स्क्रीनचा प्लग काढला होता. तुम्ही अंघोळीहून यायच्या आधीच."

त्यांनी कानातला इअरफोन काढून टेबलावर ठेवला.

"अनुपमाला कळलं?"

इतका संताप आला मला! "अनुपमाचं काय घेऊन बसलात? मला कळलं! तुमच्या बायकोला आत्ता कळलं!"

"हळू बोल गं, क्षमा. खिडकी उघडी आहे."

"उघडी आहे ते कसं कळलं?"

"वारा येतोय," ते म्हणाले. "आणि तिकडे उजेड वाटतो. तेवढंच. तू समोर उभी आहेस, ते तुझ्या आकारावरून कळतं. चेहरा नाही कळत."

मी खाली बसले, घडी न केलेल्या अभ्र्यांवरच.

काचबिंदू, ते म्हणाले. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. लक्षात आलं तोवर बरीच गेली होती, आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर सांताक्रूझचे. सांताक्रूझला हे लिनक्सवाल्या मित्रांच्या मिटिंगला जातात, असं मी जगाला सांगत होते. सोबत धोंडिराम जायचा, ह्यांचा ऑफिसातला मित्र. म्हणजे धोंडिरामला माहीत होतं.

"आणि आपल्या मुलाला, निहारला?"

"नाही. बेंगळुरूहून धावत आला असता. त्याला काय करता येणार होतं?"

मग मला एकेक आठवायला लागलं. स्कूटर विकली, तेव्हा म्हणाले ट्रॅफिक फार वाढलंय. चहा ओतताना कपात बोट धरायचे, मी म्हणायचे, काय ही घाणेरडी सवय! एकदा मी चुकून रद्दीतला पेपर हातात दिला होता. तो उघडा धरून त्यांनी मला ताज्या बातम्या सांगितल्या. मी आपली हूं हूं करत मेथी निवडत होते.

आणि ती अक्षरं. मध्यंतरी स्क्रीनवरची अक्षरं मोठी व्हायला लागली होती. इतकी की मी चिडवायचे, बोरिवली स्टेशनबाहेरचं होर्डिंग लावलंय का घरात? गेल्या दिवाळीत ती एकदम पूर्वीसारखी बारीक झाली. मला केवढं बरं वाटलं होतं! "नवा चष्मा मानवला बाई तुम्हाला," म्हणून मी शिरा केला होता.

"ती अक्षरं बारीक का केलीत?" मी विचारलं, पण उत्तर मला कळलंच होतं.

"मोठी ठेवून उपयोग नव्हता. घरी येणाऱ्यांना उगाच संशय आला असता."

तो शिरा त्यांनी दोनदा मागून घेतला होता.

"मशिनला सांगितलंत," मी म्हटलं. मला रडू आवरेना. "धोंडिरामला सांगितलंत. मला नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू सगळं हातात दिलं असतंस. पेपर वाचून दाखवला असतास. कुणी काही विचारायला आलं की दारातच सांगितलं असतंस, ह्यांना नका त्रास देऊ, ह्यांना दिसत नाही." त्यांनी कीबोर्डावरून बोटं फिरवली. "लोक माझ्याकडे विचारायला येतात गं. तेवढंच राहिलंय."

मला खोटं बोलवेना. मी अगदी असंच केलं असतं.

त्यांनी चाचपडत इअरफोन उचलला आणि माझ्यापुढे धरला. "ऐक. ओर्का म्हणतात ह्याला. स्क्रीनवरचं वाचून दाखवतो."

कानात नुसती टकळी सुरू झाली. एक अक्षर समजेना. "हे काय बडबडतंय?"

"थांब, तुझ्यासाठी हळू करतो."

आवाज हळू झाला. कोरडा, यंत्राचा, पण मराठी. सकाळी चहाच्या वेळी ह्यांनी मला सांगितलेली पाण्याच्या कपातीची बातमी तो शब्द न शब्द वाचत होता. मी शेवटपर्यंत ऐकली. इतके दिवस रोज ह्या आवाजाने माझ्या नवऱ्याला सोबत केली होती, आणि मला त्याचा चक्क मत्सर वाटला.

दुसऱ्या दिवशी मी निहारला फोन केला. ह्यांनी अडवलं नाही, फक्त आतल्या खोलीत जाऊन बसले. मग मी बाजारातून मोठा एक्स्टेंशन बोर्ड आणला आणि इस्त्रीला वेगळी जागा दिली.

रविवारी अनुपमा लॅपटॉप घेऊन आली. सोबत तिची मैत्रीण रुचिरा होती, तिचाही जुना लॅपटॉप काखेत. जिन्यातले आवाज ह्यांनी माझ्या आधी ऐकले आणि खुर्चीत सावरून बसले. एका बाजूला दुमडलेली कॉलर मी सरळ केली.

बेल वाजली. मी वळले, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"क्षमा," ते हळूच म्हणाले, "स्क्रीन चालू आहे ना?"

"आहे," मी म्हटलं, आणि दार उघडायला गेले.