चांदूळ आले

आमच्याकडे एक मासा आणि एक रानफूल, दोघांचं नाव एकच. नदीत वर चढतो तो चांदूळ, आणि तो चढला की काठावर फुलतं तेही चांदूळ. घोळ कधी होत नाही, कारण मासा पुल्लिंगी आणि फूल नपुंसकलिंगी. 'चांदूळ आला' म्हटलं की माणसं पिशव्या घेऊन निघतात, 'चांदूळ आलं' म्हटलं की कॅमेरे घेऊन. शेंबडं पोरसुद्धा यात चुकत नाही. चुकला तो आमच्या कार्यालयातला सगळ्यात शुद्ध माणूस.

हे आमचे हंगामी लिपिक. सगळे त्यांना वेलांटी म्हणतात. अकरा वर्षं हंगामीच आहेत. जावक नोंदवही माझ्याकडे असते, त्यामुळे इथून काय बाहेर जातं आणि काय जाता जाता राहतं, दोन्ही मला ठाऊक. यांना कायम करायचा कागद तीनदा जाता जाता राहिला. पहिल्या साहेबांना यांनी ऐन सहीच्या वेळी 'आशीर्वाद'मधली शी दीर्घ असते हे सांगितलं. दुसऱ्यांना त्यांचं स्वतःचं आडनाव चुकीचं असल्याचं पटवून दिलं. तिसऱ्यांच्या मुलीची लग्नपत्रिका लाल पेनाने तपासून परत पाठवली. वर 'समाधानकारक' असा शेराही मारला.

आता चौथ्या मॅडम यायच्या होत्या. जिल्ह्याच्या कार्यालयात नुकत्याच बदलून आलेल्या, बाहेरगावच्या. आमच्याकडे त्यांची फेरी दोन महिन्यांतून एकदाच. महिनाअखेरीला हंगामी जागाच बंद व्हायची होती, म्हणजे आज सही झाली तर झाली, नाहीतर वेलांटी घरी. सकाळी बायकोने त्यांच्या खिशात सहा लवंगा घातल्या. हे त्यांनीच मला सांगितलं.

"अहो, कुणाला दुरुस्त करावंसं वाटलं की एक चावायची," ती म्हणाली.

"आणि सहाही संपल्या तर?"

"तर जीभ चावा."

मॅडमच्या टेबलावर फूल असावं म्हणून वेलांटींनी नदीकाठच्या मासेवाल्या मावशींना चिठ्ठी लिहिली. मावशी मासे विकतात तशी फुलंही विकतात. चिठ्ठी अशी होती: 'टेबलावर ठेवण्यासाठी ताजे चांदूळ पाण्यासह त्वरित पाठवावे.'

मी म्हटलं, "'ताजं' लिहा की. 'पाठवावं' लिहा. मावशींना नीट कळेल."

"ती बोलण्यातली टिंबं," ते म्हणाले. "कागदावर शोभत नाहीत."

मॅडम पुढचा जिना चढत होत्या तेव्हा मावशी मागच्या दाराने आल्या. हातात बादली. बादलीत दोन जिवंत चांदूळ, पाण्यासह, त्वरित.

"मावशी, हे काय आणलंत?"

"चांदूळ. 'ताजे' लिहिलंस ना, म्हणजे एकाहून जास्त. मोजून दोन आणले."

"अहो, ते नपुंसकलिंगी एकवचन आहे."

"ते तुझं तू बघ, बाबा. हे दोन्ही नर आहेत."

बादली हलवायला वेळच नव्हता. मी तिच्याभोवती टेबलक्लॉथ गुंडाळला आणि लांबून ती फुलदाणी दिसेल अशी आशा केली. मॅडम आल्या, बसल्या, वास घ्यायला म्हणून वाकल्या. आतून एक शेपटी आपटली आणि त्यांच्या चष्म्यावर पाणी उडालं. मॅडमनी चष्मा पुसला आणि पुन्हा आत पाहिलं.

"हे ते चांदूळ?" त्या म्हणाल्या. "किती गोड आहे हो ते."

वेलांटींनी पहिली लवंग चावली.

"मी वाचलंय त्याच्याबद्दल. ते प्रवाहाच्या उलट पोहतं ना?"

दुसरी.

"आणि ते अंडी घालतं कुठे?"

तिसरी आणि चौथी एकदम.

मॅडमनी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. "अकरा वर्षं म्हणजे फारच झालं. आदेश मी घरूनच लिहून आणलाय. आणि कल्पना छान काढलीत तुम्ही. फुलं काय, सगळेच ठेवतात." पेन कागदाशी आलं आणि थांबलं. "एक सांगा, हे चांदूळ झोपतं का?"

पाचवी गेली, तिच्यामागे सहावी. वेलांटींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिसा चाचपला, उलटा केला, मग तोंड उघडलं. मी खोकून पाहिलं.

"काही म्हणायचंय का?" मॅडमनी विचारलं.

"तो," मावशी दारातून म्हणाल्या. "तो झोपतो, बाई. ते म्हणजे फूल. तुम्ही नव्या आहात म्हणून सांगते. हा लाजतो सांगायला."

"असं होय? बरं झालं सांगितलंत. गावभर 'ते, ते' करत फिरले असते मी." मॅडम हसल्या आणि हसता हसता सही करून मोकळ्या झाल्या.

वेलांटींनी सुटकेचा निःश्वास टाकला. अख्खं दालन दंतमंजनासारखं दरवळलं.

मॅडमची गाडी निघाली आणि आदेश जावक क्रमांकासाठी माझ्याकडे आला. मी वाचला, माझ्या खांद्यावरून वेलांटींनी वाचला. मॅडमच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'हंगामी लिपीक यांना कायम करण्यात येत आहे.' लिपिकातल्या 'पि'ला पहिलीऐवजी दुसरी वेलांटी.

"दुरुस्तीला परत पाठवू?" मी विचारलं. "दोन महिन्यांत येईल."

महिनाअखेर नऊ दिवसांवर होती. वेलांटींचा हात लाल पेनाकडे गेला, तिथून रिकाम्या खिशाकडे.

"मावशी, एखादी लवंग आहे का?"

"मी मासे विकते, बाबा." बादली उचलून मावशी निघाल्या.

वेलांटींनी कागद माझ्याकडे सरकवला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "टाका क्रमांक." मी इतक्या घाईने शिक्का आजवर मारला नव्हता.

तो आदेश आता त्यांच्या घरी चौकटीत आहे. काचेच्या आत, 'लि' आणि 'क'च्या मधोमध एक वाळलेलं चांदूळ चिकटवलेलं आहे. शोभेसाठी, असं ते सांगतात. फूल मावशींनी दुसऱ्याच दिवशी धाडलं होतं, सोबत चिठ्ठी: 'चांदूळ पाठवलं आहे.' 'लं'वरचं टिंब एवढं मोठं, की लांबून माशाचा डोळाच वाटावा.

ती चिठ्ठी वेलांटींनी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. टिंब खोडलेलं नाही. मी दोनदा वाकून बघितलं.